जलशुद्धियंत्र आले, पण नळ रुसला

घरात पाणी शुद्ध करणारे यंत्र बसले, म्हणजे त्या दिवशी स्वयंपाकघराला सणासुदीची कळा येते. ठेवणीतले पेले बाहेर निघतात, मुले एकमेकांच्या आधी पाणी प्यावयास धावतात, आणि यंत्राचे पहिले पाणी देवापुढे ठेवणारी घरेही आमच्या पाहण्यात आहेत. हे पहिले पाणी वस्तुतः देवापुढेही ठेवण्याजोगे नसते. त्याचे कारण पुढे येईलच.

दोन-चार दिवस लोटतात आणि मग कुरबुर सुरू होते. भांडी घासावयाच्या नळाची धार करंगळीएवढी होते. सकाळी सुरू केलेल्या यंत्राची टाकी भरावयास दुपार उजाडते. रात्री निजानीज झाल्यावर भिंतीतून कोणी ठोसा मारावा तसा आवाज येतो. ओट्याखालच्या कपाटातील पिठाची पिशवी बुडाशी ओली लागते. घरातील वडीलधारी मंडळी निकाल देऊन मोकळी होतात, "यंत्रच वाईट निघाले!" वाचकहो, हा निकाल देण्याची घाई करू नये. यंत्र बसविताना, वर्षानुवर्षे कोणी स्पर्श न केलेल्या नळांना हात लागतो आणि त्यांत दडून बसलेली जुनी दुखणी त्या निमित्ताने वर येतात. दोष नेमका कोठे आहे हे शोधून काढणे फारसे अवघड नसते. मात्र तो शोध पाण्याच्या वाटेनेच, टाकीपासून तोटीपर्यंत, एकेक टप्पा करीत घ्यावा लागतो.

हा क्रम आम्हांला एका शेजाऱ्यांनी शिकविला. आम्ही दिल्लीत एका जुन्या तीन मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. पाण्याची टाकी गच्चीवर. तेथून जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळांनी पाणी खाली येते. यंत्र बसले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ओट्यावरच्या नळाला धड धार राहिली नाही. दाब वाढविणारा पंप विकत आणावा असे आम्ही ठरविले आणि पैशांची जुळवाजुळवही केली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे वृद्ध गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. पाणीपुरवठ्याच्या कामावर उभी हयात घालवून ते निवृत्त झालेले. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला, अगदी विजेच्या दिव्याशेजारी, ओलीचा डाग उमटला होता. ते रागावले असते, तर आम्हांला तोंड वर करावयास जागा नव्हती. परंतु त्यांनी एवढेच विचारले, "यंत्र केव्हा बसविलेत?"

"कालच."

"मग एक बादली आणा. आणि घड्याळ."

त्या आधी त्यांनी एक काम करवून घेतले, ते प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. ओट्याखाली हात घालण्यापूर्वी यंत्राची वीज बंद करून प्लग काढावयास लावला. आपल्या घरचा तो दिवा तर ते वर येतानाच बंद करून आले होते. पाणी गळत असेल तेथे वीज आधी, पाणी मागाहून.

नंतर त्यांनी प्रश्न केला, "ओट्यावरच्या नळाचे पाणी यंत्रातून जाते का?" आम्ही 'हो' म्हणणारच होतो. वास्तविक ते जात नाही. भिंतीवर टांगावयाचे घरगुती आर.ओ. यंत्र जोडताना, ओट्याच्या नळाकडे जाणाऱ्या वाटेवर तीन तोंडांचा एक लहान जोड बसवितात. एका तोंडाने पाणी आत येते, दुसऱ्याने ते नेहमीच्या नळाकडे जाते आणि तिसऱ्याला एक छोटा कॉक असून त्यातून बोरूएवढी बारीक नळी यंत्राकडे जाते. म्हणजे भांड्यांचे पाणी आणि पिण्याचे पाणी या जोडापाशीच वेगळे होतात. साहजिकच, भांड्यांच्या नळाची धार कमी झाली, तर दोष यंत्राच्या पोटात असू शकत नाही. तो एक तर जोडाच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला असावा, किंवा खुद्द जोडात, किंवा त्याच्या पलीकडे नळाच्या तोंडाशी. एवढ्या एका विचाराने निम्मा शोध संपतो.

मग बादली. दहा लिटरची बादली न्हाणीघरातील नळाखाली पन्नास सेकंदांत भरली. ओट्याच्या नळाखाली तिला चार मिनिटे लागली. टाकी एकच आणि मजलाही एकच, म्हणजे टाकीत पाणी कमी आहे ही शंका फिटली. शेजाऱ्यांनी ओट्याच्या नळाच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी फिरवून काढली आणि तळहातावर उपडी केली. तीतून तांबूस पापुद्रे पडले, आणि त्यांत पांढऱ्या टेफ्लॉन टेपची एक चिंधीही होती. जाळी धुऊन पुन्हा बसविल्यावर बादली अडीच मिनिटांत भरली.

हे पापुद्रे आले कोठून? लोखंडी नळाच्या आतल्या अंगाला वर्षांमागून वर्षे गंजाचे थर बसतात. पाणी संथपणे वाहत असेतो ते जागचे हलत नाहीत. पण जोड बसविताना नळ पान्याने पिळला, ठोकला, पाणी बंद करून एकदम सोडले, की ते सुटतात आणि पुढे जी पहिली अरुंद जागा मिळेल तेथे अडकतात. ओट्यावरची जाळी ही ती जागा. यंत्राच्या तोंडाशी असलेली जाळी ही दुसरी. म्हणून यंत्र बसविण्याचे काम संपताच, यंत्राचा कॉक बंद ठेवून आणि नळाची जाळी काढून, नळ पाच मिनिटे पुरा सोडून द्यावा. बसविणारा घाईत असतो. हे काम आपणच आठवणीने सांगितले पाहिजे.

परंतु अडीच मिनिटे म्हणजे पन्नास सेकंद नव्हेत. तेव्हा आम्ही गच्चीवर गेलो. आमच्या ओट्याकडे येणाऱ्या नळावर पितळेचा जुना गेट व्हॉल्व होता. काम करणाऱ्याने तो बंद करून पुन्हा उघडला होता. निदान त्याची तशी समजूत होती. शेजाऱ्यांनी त्याचे चाक फिरविले, तो ते कोठेही न थांबता गरगर फिरत राहिले. अशा व्हॉल्वमध्ये चाकाच्या दांड्याला एक पडदा अडकविलेला असतो. बरीच वर्षे न हलविलेला व्हॉल्व जोराने फिरविला, की कधी कधी पडदा दांड्यावरून सुटतो आणि आडवा पडून राहतो. वरून चाक 'उघडे' म्हणते, आत वाट अर्धी बंद. त्या जागी नवा बॉल व्हॉल्व बसविला आणि बादली पंचावन्न सेकंदांत भरली. पंपाचे पैसे घरातच राहिले. पंप आणला असता, तरी त्या पडलेल्या पडद्यापुढे त्याचे काही चालले नसते. उलट खालच्या जोडाची गळती मात्र वाढली असती.

दाबाचे गणित येथेच सांगून टाकलेले बरे, कारण त्यावाचून पुष्कळांचा गोंधळ होतो. टाकीतील पाण्याची पातळी नळापेक्षा जितकी उंच, तितका दाब. दर दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. टाकी वर, आपण सर्वांत वरच्या मजल्यावर, तेव्हा आपल्याला दाब सर्वांत जास्त, असे मनाला वाटते. खरे ते उलटे आहे. वरच्या मजल्याच्या नळापासून टाकीतील पाणी जेमतेम तीन मीटर उंच असते, म्हणजे दाब सुमारे ०.३ किलो. दोन मजले खाली राहणाऱ्याला त्याच टाकीचा दाब सुमारे ०.९ किलो मिळतो. म्हणून एकच यंत्र तळमजल्यावर गुण्यागोविंदाने चालते आणि वर रडतगात. आर.ओ. यंत्रात स्वतःचा पंप असतो, पण पाणी त्याच्यापर्यंत पोहोचले तरच तो ते पुढे रेटणार. घराला येणारे सर्वच पाणी गाळणारी मोठी गाळणी तर केवळ टाकीच्या दाबावर चालते. आणि तिच्यातील पाच मायक्रॉनची कांडी, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी छिद्रे असलेली कांडी, त्या तुटपुंज्या दाबातील मोठा वाटा स्वतःच खाऊन टाकते. वरच्या मजल्यावर अशी गाळणी बसवावयाची असेल, तर ती आकाराने मोठी आणि आधी जाड छिद्रांची घ्यावी.

भांड्यांचा नळ नीट आहे आणि यंत्रच सावकाश भरते, असे असेल तर वाट जोडाच्या तिसऱ्या तोंडापासून तपासावी. छोटा कॉक अर्धवट उघडा आहे का? बारीक नळी कपाटाच्या दारात चिमटली आहे का? गाळाची कांडी तांबूस झाली आहे का? मोठ्या गाळणीच्या डोक्यावर पाण्याच्या दिशेचा बाण असतो. ती उलटी जोडली गेली, तर पाणी कांडीच्या आतून बाहेर जाऊ पाहते आणि प्रवाह मंदावतो. थंडीचे दिवस असतील तर थोडी कणव दाखवावी. आर.ओ.च्या पडद्यातून गार पाणी हळू झिरपते. पाण्याचे तापमान एका अंशाने उतरले, की त्याचा वेग सुमारे तीन टक्क्यांनी घटतो. उन्हाळ्यात तासात भरणारी टाकी उत्तरेकडील जानेवारीत त्याहून बराच वेळ घेते, ते आजारपण नव्हे.

आता ओलीकडे वळू. शेजाऱ्यांच्या छतावरील डागाचे मूळ आमच्या ओट्याखालीच होते, पण ते चटकन सापडले नाही. गळणारे पाणी नळाच्या अंगाने खाली उतरते आणि भलत्याच जागी थेंब होऊन पडते. म्हणून सर्व सांधे फडक्याने कोरडे करावे, प्रत्येकावर वर्तमानपत्राच्या कागदाची एकेक पट्टी गुंडाळावी, आणि अर्ध्या तासाने सर्वांत वरची कोणती पट्टी भिजली ते पाहावे. खालच्या भिजलेल्या पट्ट्यांकडे लक्ष देऊ नये. आमच्याकडे भिजली ती त्याच तीन तोंडांच्या जोडावरची. गळू नये म्हणून काम करणाऱ्याने तो इतका आवळला होता, की आतील रबरी वॉशर चिरला. या कामात घट्ट म्हणजे चांगले, ही समजूत फार पाणी गळविते. वॉशर असलेला जोड हाताने बसवून पान्याने थोडाच फिरवावा. टेफ्लॉन टेप लावावयाचा तो आट्यांच्या जोडावर, जोड ज्या दिशेने फिरवून बसतो त्याच दिशेने गुंडाळून. उलटा गुंडाळलेला टेप बसविताना उलगडतो आणि त्याच्या चिंध्या नळाच्या जाळीत जाऊन बसतात. आमच्या जाळीतली चिंधी तीच. प्लॅस्टिकच्या नळांना तर आवळपणा मुळीच सोसत नाही. त्यांच्या आट्यांवर जुन्या पद्धतीने सूत आणि सफेदा भरला, तर काही दिवसांनी जोडाला बारीक चीर पडते. पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर रंग-सफेदा नसावा, हे तर वेगळे सांगावयास नको.

यंत्राच्या बारीक नळ्यांचे जोड मात्र निराळे असतात. ते आट्यांनी नव्हे, आतील दातेरी पकडीने बसतात. नळी सुरीने तिरपी कापली असेल, तर तेथे थेंब येतोच. तोंडाशी असलेली छोटी कडी दाबून धरल्यावाचून नळी ओढू नये. एकदा ओरखडे पडलेले टोक सरळ कापून टाकावे आणि नळी टेकेपर्यंत आत सरकवावी.

एवढ्याशा थेंबाचे काय, असे वाटेल, तर थेंबाखाली वाटी ठेवून पाहावी. शंभर मिलिलिटरची वाटी दहा मिनिटांत भरली, तर दिवसाकाठी १४.४ लिटर पाणी कपाटातून कोणाच्या तरी छतात जात आहे.

पाण्याच्या रंगाविषयी. नव्या कोळशाच्या कांडीतून प्रथम काळसर भुकटी येते, आणि पाण्याची टाकी नवी असल्यास तिलाही वास असतो. म्हणून पहिल्या दोन टाक्या पाणी फरशी धुण्यास वापरावे; देवाला आणि मुलांना तिसऱ्या टाकीचे द्यावे. पेल्यात पाणी दुधासारखे दिसले तर तो पेला स्थिर ठेवावा. तळाकडून वर निवळत आले तर ती केवळ हवा. नळ उघडून जोडताना ती आत शिरलेली असते आणि आपोआप जाते. वरून खाली निवळत जाऊन तळाशी थर बसला तर तो गाळ, आणि गाळ येत असेल तर नळाकडे पुन्हा पाहिले पाहिजे. नळाला धारच नाही, नुसती फुरफुर होते, अशा वेळी बहुधा पाइपात हवा धरलेली असते. त्याच वाटेवरील सर्वांत खालचा नळ पुरा सोडून ठेवावा. हवा निघून जाते.

रात्रीच्या ठोशाचे कारण साधे आहे. टाकी भरली, की यंत्रातील विजेची झडप क्षणात मिटते आणि वाहत्या पाण्याला धक्का बसून नळ भिंतीवर आदळतो. सैल नळाला क्लॅम्प मारावा आणि छोटा कॉक किंचित आवरता घ्यावा. तरीही आवाज येत राहिला, तर जाणत्या माणसाला बोलवावे, कारण हे धक्के गाळणीच्या पारदर्शक भांड्याला कालांतराने तडा पाडतात.

आणि एका गोष्टीत स्वतःचे डोके चालवू नये: गीझर. घरभराच्या पाण्यासाठी मोठी गाळणी बसविताना तिच्याबरोबर कधी कधी एकाच दिशेने पाणी सोडणारी झडप बसवितात. पाणी तापले की फुगते. पंधरा लिटरच्या गीझरमधील पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर गेले, तर सुमारे सव्वादोनशे मिलिलिटरने वाढते. जेथे गीझरला स्वतःची अशी झडप नसते, तेथे हे वाढलेले पाणी निमूटपणे नळाने मागे टाकीकडे सरकत असे. आता ती वाट बंद झाली, तेव्हा ते गीझरच्या सुरक्षा-झडपेतून थेंबाथेंबाने बाहेर पडू लागते, आणि घरच्यांना वाटते की नव्या गाळणीने गीझर बिघडविला. आमच्या परिचयाच्या एका घरी ही टिपटिप थांबविण्यासाठी झडपेच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकण्याची सर्व तयारी झाली होती. सुदैवाने खुंटी जाड निघाली. ही झडप बंद केली आणि गीझरचे तापमान आवरणारी कळही कधी निकामी झाली, तर गीझर फुटून माणसे दगावू शकतात. तापताना पडणारे चार थेंब हे त्या झडपेचे कर्तव्य आहे. त्यांना एक नळी लावून मोरीत सोडावे. पाणी थंड असतानाही ती गळत राहिली, तर झडपेत कण अडकला असेल किंवा दाब वाढला असेल. ती बदलून घ्यावी आणि फुगणाऱ्या पाण्याला वाट करून देण्याविषयी जाणकाराला विचारावे.

आर.ओ. यंत्राची टाकून देण्याच्या पाण्याची नळीही अधूनमधून पाहावी. यंत्र भरून थांबल्यावर ती कोरडी पडली पाहिजे. ती वाहतच राहिली, तर विजेच्या झडपेत बहुधा तोच तांबूस कण अडकलेला असतो. मिनिटाला शंभर मिलिलिटर, एवढीशी दोऱ्यासारखी धार दिवसाला १४४ लिटर पाणी मोरीत नेते, आणि रात्री त्याचा आवाजही येत नाही. ही नळी मोरीच्या सांडपाण्याच्या पाइपात खोल खुपसून वरून लांबी भरण्याची पद्धत वाईट. नळीचे टोक आणि सांडपाणी यांच्यामध्ये मोकळी हवा असावी, म्हणजे तुंबलेली घाण यंत्राकडे उलटी ओढली जाणार नाही.

घरातील स्त्रियांनी विचारलेला एक प्रश्न राहिला. भरलेल्या टाकीतले पाणी आठवडाभर गावी जाऊन आल्यावर चालेल का? चालू नये. भारतीय मानक ब्यूरोच्या आय.एस. १०५०० या मानकानुसार नळाच्या पाण्यात, घरापर्यंत पोहोचल्यावरही, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. रोगजंतूंवर पहारा ठेवणारे तेच. यंत्रातील कोळसा प्रथम त्याचाच वास काढून टाकतो. शुद्ध झालेले पाणी त्यानंतर राखणदारावाचून टाकीत पडून असते. परत आल्यावर ते ओतून द्यावे आणि टाकी नव्याने भरावी.

शेजाऱ्यांच्या छतावरील डाग वाळला, तो पांढरा करून देण्याचा खर्च आम्ही सोसला, आणि त्यांनी आमच्या ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटविला. त्यावर कांड्या बदलल्याच्या तारखा आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बादली भरावयास लागलेले सेकंद आम्ही पेन्सिलने लिहितो. पंचावन्न, पंचावन्न, सत्तावन्न असे आकडे चालले होते. गेल्या महिन्यात एकदम सत्तर आले. जाळी काढून पाहिली. तीत टाकी धुताना सुटलेली शेवाळाची एक तार होती.